धामणतळ्यातली हाक

मी पाण्यात पडलो तेव्हा दुपारचे बरोबर बारा वाजले होते, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण त्याच क्षणी टोला पडला. त्या दिवसातल्या बाकी कुठल्याही गोष्टीची मला खात्री देता येत नाही, आणि हे मला फार लागतं. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. आलेले पार्ट तपासायचे, बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा, नसेल ते लाल ट्रेमध्ये टाकायचं. खात्री देण्याचाच मला पगार मिळतो.

आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. साऱ्या जगाची लग्नं, मुंजी, गृहप्रवेश रविवारी असतात, आणि आमच्या वाट्याला येतो गुरुवार, त्या दिवशी झोपण्याशिवाय काही करता येत नाही. मी ते अनेक वर्षं मन लावून करत होतो. एका बुधवारी माझी बायको स्वप्नाली म्हणाली, "लातूर सोडून मोशीत आलो त्याला आठ वर्षं झाली. आठ वर्षांत गुरुवारी आपण कुठं गेलोय ते सांगा."

मी प्रामाणिकपणे आठवून सांगितलं, "गेल्याच महिन्यात गॅसच्या केवायसीला गेलो होतो की."

त्यानंतर घरात जी शांतता पसरली ती खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेली असावी, कारण खालचे मारुतराव लगेच वर आले. मारुतराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. कुठल्याही गावाचं नाव काढा, ते डोळे मिटून आधीचे चार थांबे सांगतात. ते म्हणाले, "धामणतळ्याला जा. चहूबाजूंनी डोंगर, मधे तळं, आणि गुरुवारचा बाजार. गौरीला सूप लागेल ना वहिनी? तिथल्यासारखी सुपं कुठं मिळायची नाहीत." मग त्यांनी सल्ले दिले. राजगुरुनगरच्या पुढं पेट्रोल मिळत नाही. तिसऱ्या वळणावर पोट ढवळतं, लिंबू जवळ ठेवा. जिलबी उजवीकडच्या हलवायाकडची खायची, डावीकडच्याकडं पाहायचंसुद्धा नाही. तासभर ते बोलत होते आणि मी एका कागदावर लिहून घेत होतो. जे सांगायला हवं होतं तेवढं मात्र ते विसरले. पुढं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अरे, ते तर सगळ्यांनाच माहीत असतं."

माझी गाडी जुनी आहे. कुरुळीत करीमचं गॅरेज आहे, गाडी माझ्यापेक्षा त्याच्या ताब्यात जास्त असते. त्यानं बॉनेट उघडलं, आत बराच वेळ पाहिलं, आणि बॉनेट लावून सरळ ड्रायव्हरच्या जागी बसला.

"तू कुठं?" मी विचारलं.

"अर्ध्या रस्त्यातून मला फोन करणारच ना भाऊ? त्यापेक्षा आत्ताच बसतो."

हा माझा पहिला अपमान. त्या दिवसाच्या मानानं तो फारच किरकोळ निघाला.

गणपती आठवड्यावर आले होते. चाकणला ऊन होतं, राजगुरुनगर सोडलं आणि ढग खाली आले. तिसऱ्या वळणावर पोट खरंच ढवळलं. खिंड ओलांडली तर खाली एखाद्या परातीत दूध ओतावं तसं धुकं भरलेलं. त्यात तळं कुठलं आणि आभाळ कुठलं ते कळत नव्हतं.

गाव उतारावर आहे. धरण झालं तेव्हा जुनं धामणतळं पाण्याखाली गेलं आणि लोक वर सरकले. पण जुना डांबरी रस्ता तसाच आहे. बाजारातून तो उतरत येतो आणि न थांबता पाण्यात जातो. काठावर मैलाचा एक दगड आहे, अर्धा पाण्यात बुडालेला. त्यावरचं अंतर वाचता येतं, गावाचं नाव पाण्याखाली आहे.

बाजार भरलेला होता. करटुली, अळूच्या जुड्या, घोंगड्या, विळे, सुकी मासळी, सगळं होतं. मोशीच्या मंडईत मी इतकी वर्षं जातोय, कानाचे पडदे फाटतात. इथं दोन-अडीचशे माणसं होती आणि सगळी हळू बोलत होती. भाव करतानासुद्धा कुजबुजत होती. सुपंवाल्या सुमनताईंशी स्वप्नाली घासाघीस करायला लागली, आणि दोन मिनिटांत तिचाही आवाज खाली गेला. तळ्यात कुणीतरी झोपलंय आणि त्याची झोप मोडू नये, असा सगळा कारभार.

"भाऊ, इथं बरं नाही वाटत," करीम म्हणाला. "मी गाडीतच बसतो. रेडिएटर गरम आहे." गरम काही नव्हतं.

मी उजवीकडच्या हलवायाकडची पावशेर जिलबी खाल्ली. हात चिकट झाले. पाणी समोरच होतं, म्हणून जुन्या रस्त्यानं उतरलो, मैलाच्या दगडापलीकडं वाकलो, आणि शेवाळावरून पाय सटकला. पाण्याखाली रस्ता असेल असा माझा समज होता. तिथली मोरी कधीच खचलेली होती. मी छातीपर्यंत आत गेलो आणि दोन्ही पाय गाळात रुतले.

टोला पडला. पंचायतीसमोर रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे, त्यावर कुणीतरी घण मारला होता. मी वर पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. पाणी थंड होतं म्हणून नव्हे.

सगळा बाजार माझ्याकडं पाठ करून उभा होता.

एकूण एक माणूस. तागडी धरलेला तसाच उभा, पिशवीचं तोंड उघडून धरलेली बाई तशीच, लहान मुलंसुद्धा आयांच्या पोटात तोंड खुपसून. कुणी हलत नव्हतं, बोलत नव्हतं. त्या पाठींमध्ये माझ्या बायकोची पाठ होती. हिरवा ड्रेस, खांद्याला माझ्या कंपनीची दिवाळीतली बॅग.

पाय जितका ओढावा तितका खाली जात होता. पाणी गळ्याशी आलं. मी ओरडलो, "अहो! कुणी हात द्या!"

कुणी वळलं नाही.

"स्वप्नाली!"

अडीचशे माणसं, पन्नास पावलांवर. ती शांतता इतकी होती की माझी हाक समोरच्या डोंगरावर आपटून परत आली, ती मी स्वतः ऐकली. तिसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं तर त्यात पाणी गेलं. मरताना संपूर्ण आयुष्य डोळ्यांपुढून जातं म्हणतात. माझ्या डोळ्यांपुढं कंपनीतला हजेरीचा पंच आला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. तेवढ्यात हाताला मैलाच्या दगडाची कड लागली. डाव्या पायातली चप्पल गाळाला देऊन मी कसाबसा वर आलो, रस्त्यावर उभा राहिलो. दुसरा टोला पडला आणि सगळा बाजार एकदम वळला.

त्यांना काय दिसलं असेल याची मला आता कल्पना आहे. धुक्यातून, पाण्यात जाणाऱ्या रस्त्यावरून वर आलेला, निथळणारा, खांद्यावर शेवाळ लटकलेला, एका पायात चप्पल असलेला माणूस.

कुणीतरी म्हणालं, "ज्योतीराम."

ते नाव मागं मागं पोचत गेलं. एक म्हातारा मटकन खाली बसला. सुकी मासळी विकणाऱ्या बाईनं हात जोडले. मी सांगत होतो, "अहो, मी निरंजन, मोशीचा," पण दात इतके वाजत होते की शब्द धड बाहेर पडत नव्हते. त्यांनी मला खुर्ची दिली, घोंगडी दिली. दिली म्हणजे जमिनीवर ठेवली आणि मागं सरले. चहाचा पेला एकानं काठीनं ढकलून माझ्यापर्यंत आणला. मग एका शहाण्यानं मला उरलेली चप्पल काढायला लावली आणि चार माणसं वाकून माझी पावलं सरळ आहेत की उलटी ते बघत राहिली. माझ्या उजव्या पायाला कुरूप आहे. त्यावर बराच वेळ चर्चा झाली.

स्वप्नाली सूप घेऊन धावत आली. "अहो, हे काय? हे माझे मिस्टर आहेत!" ती ओरडली. त्या बाजारातला तो पहिला मोठा आवाज असावा. लोक दचकले, पण कुणाला पटलं नाही.

प्रकरण पंचायतीत गेलं. गावाच्या ग्रामसेवकांचं नाव रणजीत. माणूस तरुण, नीटनेटका, टेबलावर फाइल लावून तयारच बसलेला. त्यांच्याकडून मला सगळं समजलं. दर गुरुवारी बारा वाजता धामणाई देवी तळ्यातल्या देवळातून आंघोळीला बाहेर येते, तिला बघायचं नसतं, म्हणून टोल्यापासून टोल्यापर्यंत गाव पाठ करतं. ज्योतीराम नाव चालवायचा, पैलतीरावरच्या वाडीतून बाजाराला माणसं आणायचा. पुढच्या महिन्यात त्याला बेपत्ता होऊन सात वर्षं होत होती. नाव रिकामी सापडली. तो सापडला नाही.

"आता तुम्ही आलात म्हटल्यावर फाइल बंद करता येईल," ते समाधानानं म्हणाले.

"मी ज्योतीराम नाही."

"कागद दाखवा."

आधार कार्ड पाकिटात होतं, पाकीट तळ्यात. मोबाइल खिशात होता, त्यातून पाणी आलं. रणजीतभाऊंनी सेवा केंद्रातलं अंगठ्याचं मशीन मागवलं. माझी बोटं पाण्यानं सुरकुतलेली. मशीन चार वेळा लाल झालं.

"म्हणजे तुम्ही निरंजनही नाही," ते म्हणाले.

स्वप्नालीचा आवाज ऐकून गाडीतून आलेला करीम पुढं झाला. "साहेब, मी ओळखतो यांना. आठ वर्षं यांची गाडी माझ्याकडं आहे."

"नात्यात आहात?"

"नाही."

"मग कसं चालेल?" त्यांनी स्वप्नालीला विचारलं, "लग्न कधी झालं?"

"बारा वर्षं झाली."

त्यांनी बोटं मोजली. "ज्योतीराम गेला सात वर्षांपूर्वी. म्हणजे आधी पाच वर्षं दोन्हीकडं..." स्वप्नालीनं सूप असं काही धरलं की त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

मी फाइलमधला फोटो मागितला. बघितला. ज्योतीराम उंच, वाळकुडा, लांब नाकाचा, कपाळावर केसांची झुलपं. मी कसा आहे ते सांगायला नको. एवढंच सांगतो की केस नाहीत आणि पोट आहे. फोटोत आणि माझ्यात सारखे असतील तर ते दोन कान. वीस वर्षं मी पार्ट तपासतो. हे दोन पार्ट एकमेकांच्या जवळपासही जात नव्हते. खिडकीतून सगळा बाजार आत बघत होता. आंधळी नव्हती ती माणसं. जन्मभर ज्योतीरामला रोज पाहिलेली होती. तरी त्यांच्या डोळ्यांत मी तो होतो, आणि मी तो असावं म्हणून ती जणू माझी विनवणी करत होती. घोंगडीत बसून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आणखी थोडा वेळ ते असेच बघत राहिले तर मी होईनसुद्धा, असं वाटलं.

"सावित्रीबाई आल्या," कुणीतरी म्हणालं, आणि वाट झाली.

ज्योतीरामची आई अगदी एवढीशी होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हाताला करटुल्यांच्या वेलाचा वास. ती माझ्यासमोर उभी राहिली. तिनं माझ्याकडं पाहायला जितका वेळ घेतला तितका मी एखादा बोल्ट बघायला घेतो.

"ह्यो माझा न्हाई," ती म्हणाली.

बाहेर एक उसासा पडला. कुणी निराश झालं की सुटलं, ते मला समजलं नाही.

"मावशी, मग मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जावर अंगठा देता का?" रणजीतभाऊंनी फाइल पुढं केली. "सात वर्षं होतायत. बेपत्ता, कारण अज्ञात, एवढंच तर आहे."

"त्येच तर मी मानत न्हाई," ती म्हणाली, आणि माझ्याकडं वळली. "बाबा, तू पान्यात पडलास तवा हाक मारलीस का?"

"मारली. दोनदा."

"कुनी वळलं?"

"नाही."

ती खिडकीकडं गेली. तिथं सगळा बाजार उभा होता. "माझा ज्योत्या बाराच्याच वक्ताला गेला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी वर रानात व्हते. तुमी समदे हितं व्हता. सात वर्सं मला सांगताय, मावशी, हाकच न्हाई आली. आली असती तर आमी धावलो नसतो का? मंग आज ह्या बाबाची आली का न्हाई, त्येवढं सांगा."

बाहेर धुकं छपरांपर्यंत चढलं होतं. सुमनताई मान खाली घालून सुपाच्या काठावरून बोट फिरवत होत्या.

"आली," त्या म्हणाल्या.

"आन् तवा?"

"तवाबी आली व्हती, मावशी." त्या रडत नव्हत्या, पण शब्द एकेक करून काढत होत्या. "आमी समद्यांनी ऐकली. रीत व्हती म्हून न्हाई वळलो. दुसरा टोला पडला, वळून बघितलं तर नाव एकलीच."

म्हातारीनं खिडकीचा गज धरला. पडेल असं वाटून मी उठलो, पण ती पडली नाही. सात वर्षं पाठीवर असलेलं काहीतरी तिनं खाली ठेवलं आणि ते ठेवतानाच तिला त्याचं वजन कळलं, असा तिचा चेहरा झाला.

"आज तीनदा आली हाक," सुमनताई म्हणाल्या.

"दोनदा," मी म्हणालो. ही माझी सवय. संख्या चुकलेली मला चालत नाही. "एकदा हात द्या म्हणून, एकदा हिचं नाव. तिसऱ्यांदा तोंडात पाणी गेलं."

"तीनदा, दादा," चहावाला म्हणाला. त्याच्यामागं आणखी दोघांनी माना हलवल्या. "तिसरी 'आये' म्हून व्हती."

मी माझ्या आईला आई म्हणतो. आणि मी काही ओरडलोच नव्हतो.

"दर गुरुवारी येती," सुमनताई म्हणाल्या. "म्हून तर कुनी मोठ्यानं बोलत न्हाई हितं."

आता रणजीतभाऊंचाही पेन थांबला होता. सावित्रीबाईंनी त्यांच्यासमोर बसून सांगितलं, "कारन लिही. हाक मारली व्हती. बाजारानं ऐकली, पन वळला न्हाई. मंग देते अंगठा."

"मावशी, असा रकाना नाही फॉर्मात."

"मंग कर."

रणजीतभाऊंनी पट्टी घेऊन 'अज्ञात' वर रेघ मारली आणि समासात ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. सावित्रीबाईंनी अंगठा उठवला. साक्षीदार म्हणून सुमनताईंनी उठवला. मग चहावाला, मासळीवाली, तो खाली बसलेला म्हातारा, अशी रांग लागली आणि पान भरलं. शेवटी रणजीतभाऊंनी फाइल माझ्याकडं सरकवली. "बाहेरगावचा एक साक्षीदार लागेल. नाव काय म्हणालात?"

"निरंजन."

"लिहा," ते म्हणाले. कागद मागितला नाही, मशीनही नाही. मी सही केली. इतका विचार करून सही मी नोकरीतसुद्धा कधी केलेली नाही.

निघालो तेव्हा चार वाजून गेले होते. सावित्रीबाई रस्त्याच्या शेवटी, मैलाच्या दगडापाशी बसल्या होत्या, तळ्याकडं तोंड करून. त्यांना कुणी उठवलं नाही.

गाडीत मी पुढं बसलो होतो. माझ्या अंगावर करीमचा गॅरेजातला ऑइलचा शर्ट होता. खिंड जवळ आली तेव्हा मागच्या सीटवरून स्वप्नाली म्हणाली, "मला ऐकू आली होती."

"काय?"

"तुमची हाक. दोन्ही." ती मांडीवरच्या सुपाकडं बघत होती. "सुमनताईंनी खांद्याला धरून मला वळवलं, पण लगेच सोडलंही होतं. मला वळता आलं असतं. इतकी माणसं उभी आहेत, एकही वळत नाही, मग मीच कशी वळू, असं वाटलं. आवाज तुमचा आहे हे मला कळलं होतं हो."

मला रागवायचं होतं. त्यासाठी चांगली तीन-चार वाक्यं मनात तयारही झाली. बारा वर्षांच्या संसारात इतकं बळकट कारण मला कधी मिळालं नव्हतं, आणि पुन्हा मिळेल असंही नाही. पण त्या पाठींमध्ये मी असतो तर काय केलं असतं, ते मला ठाऊक होतं. मीही शेजाऱ्याकडं बघून उभा राहिलो असतो.

"आणि तिसरी?" मी विचारलं.

करीमनं गाडीचा वेग कमी केला.

"तिसरी लांबून नाही आली," ती म्हणाली. "माझ्या अगदी मागं, कानापाशी आली. थंड वारा लागला मानेला. ती ऐकली आणि मग तर मी हललेच नाही."

मी करीमला गाडी थांबवायला सांगितली. खिंडीत उतरलो, कठड्यापाशी गेलो आणि खाली पाहिलं. एखाद्या पार्टकडं बघतो तसं, नीट, घाई न करता. धुक्यात काही दिसत नव्हतं. पाणी दिसत नव्हतं, बाजार नाही, रस्ता नाही. मागं दार वाजलं. स्वप्नाली उतरून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचा हात गार पडला होता, मी तो हातात घेतला. आम्ही दोघं कितीतरी वेळ तळ्याकडं बघत उभे होतो, आणि करीमनं एकदाही हॉर्न वाजवला नाही.